माळावरचे नाव

उद्योजकाचा सन्मान म्हटला की पुतळा, पदवी किंवा टपाल तिकीट डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात याहून वेगळी एक रीत दिसते, ती म्हणजे गावाचे नाव. ‘प्रभाकर’ कंदिलांची ओगलेवाडी कराडजवळची, वालचंदनगर इंदापूर तालुक्यातले. या दोन्हींच्या आधीची किर्लोस्करवाडी. एका आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडीच्या जन्मात आणखी एका माणसाचा वाटा आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा तो वाटा गौरवलेखांत एखाद्या वाक्यात उरकला जातो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांधळेपणामुळे रंग सुटले, यांत्रिक रेखाटन हाती राहिले. व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. पण बढतीची वेळ आली तेव्हा डावलले गेले. नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तिथे बंधू रामुअण्णांबरोबर १८८८ साली सुरू केलेले सायकलचे दुकान होतेच. त्याच्या जोडीला कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर आला.

हा नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली म्हणतात. शेतकऱ्यांच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून हा किस्सा हसत हसत सांगितला जातो. मला तो पटत नाही. पावसावर जगणाऱ्या कुळाने एका हंगामाची जमीन अनोळखी अवजाराखाली घालायची, म्हणजे वर्षाची भाकरी पणाला लावायची. पिढ्यान्‌पिढ्यांचा लाकडी नांगर हाताशी होता, गावच्या सुताराकडे तो दुरुस्त होत असे. नव्या नांगराचा फाळ मोडला तर जायचे कुठे? ही शंका शहाणपणाची होती. तिला उत्तर जाहिरातीने मिळण्यासारखे नव्हते, नांगर शेतात चालवूनच ते द्यावे लागले.

जरा जम बसतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. लोखंड, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. बाळासाहेबांशी पूर्वीची ओळख होती. त्यांनी संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. माळ निवडुंगाने आणि सापांनी भरलेला होता. १९१० साली तिथे कारखाना आणि वस्ती एकदमच उभी राहू लागली.

बाळासाहेब सूर्यनमस्कारांचे प्रचारक, स्वतः चित्रकार, कलासंग्राहक. त्यांचे संस्थान लहान, तिजोरीही बेताची. इंग्रजी मुलखातल्या एका नगरपालिकेने ज्याला हलवले, त्याला एका छोट्या राजाने जागा दिली, हे या कथेतले मर्म. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी गडांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. तेव्हाही मदत आली ती संस्थानातूनच.

या माळावर नांगरांबरोबर आणखी एक पीक आले, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला ते परके नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची आणि कामगारांची खबर देणारे ते पत्र होते. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. शेंगा फोडण्याची यंत्रे आणि उसाचे चरक ज्या गावातून जात, त्याच गावातून बायकांच्या शिक्षणाचे आणि लग्नाचे प्रश्न मराठी घरांत पोचत होते.

१९४८ च्या जानेवारीअखेर गांधीहत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. ज्या परिसराला चार दशके काम दिले, त्याच परिसरात हे घडले. ब्राह्मण मालक आणि भोवतालचा बहुजन समाज यांच्यातली दरी पगाराने बुजली नव्हती, हे गौरवलेखांनी टाळू नये.

कारखाना पुन्हा उभा राहिला. आज तिथे पंप बनतात. पण ज्याने आसरा दिला ते औंध संस्थान त्या आगीनंतर जेमतेम सव्वा महिन्यात, ८ मार्च १९४८ रोजी, विलीन झाले. बाळासाहेब १९५१ मध्ये गेले, लक्ष्मणराव १९५६ मध्ये. २० जून १९६९ रोजी, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने लक्ष्मणरावांचे तिकीट काढले. तोवर कुंडल रोड हे स्टेशनचे जुने नाव जाऊन तिथेही किर्लोस्करांचेच नाव लागले होते.