जलशीतन, संगणकाचे
संगणकातील प्रोसेसर व अन्य घटकांत निर्माण होणारी उष्णता पाण्याच्या साहाय्याने वाहून नेऊन बाहेरच्या हवेत सोडण्याच्या पद्धतीस संगणकाचे जलशीतन म्हणतात. प्रोसेसरला मिळणाऱ्या विद्युत् ऊर्जेचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत होते. ही उष्णता वेळीच निघून गेली नाही, तर गणनेत चुका होतात, घटकाचे आयुष्य घटते किंवा तो निकामी होतो. समान घनफळाच्या हवेपेक्षा पाणी सु. ३,५०० पट उष्णता धारण करू शकते. मात्र पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ते फक्त ती एका जागेहून दुसरीकडे नेते. जलशीतनाचे गुण आणि त्यातील दोष, दोन्ही या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

इतिहास : अमेरिकेतील एनिअक (१९४६) या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्यास सु. १५० किलोवॉट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या संगणकात सु. २,७०० नलिका होत्या. १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. १९६४ मध्ये याच संस्थेत ट्रँझिस्टरांवर चालणारा सीडीसी ३६०० हा संगणक आला. ट्रँझिस्टरमुळे प्रत्येक घटकात निर्माण होणारी उष्णता पुष्कळच घटली. परंतु घटक लहान होताच ते अधिक दाटीने बसविले जाऊ लागले आणि उष्णतेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. संगणकाच्या इतिहासात हे चक्र अनेकदा फिरलेले दिसते.

आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० मालिकेतील ९१ क्रमांकाच्या प्रतिमानात (१९६७) पाण्याचा वापर करण्यात आला. याच कंपनीच्या ३०८१ या संगणकात (१९८०) शंभराहून अधिक चकत्या हेलियम वायूने भरलेल्या एका पेटीत बसवून प्रत्येक चकतीवर स्प्रिंगने दाबलेला दट्ट्या टेकविला होता. या दट्ट्यांमधून आलेली उष्णता वरील जलशीतित पट्टी वाहून नेई. क्रे-२ या महासंगणकाची (१९८५) मंडले तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविलेली होती. पुढे कमी वीज लागणारे सीमॉस तंत्र मोठ्या संगणकांत आले आणि १९९० नंतरच्या दशकात पाणी मागे पडून हवेचे शीतन पुरेसे ठरले. ही उसंत फार काळ टिकली नाही. १९९३ मधील पहिल्या पेंटियम प्रोसेसरला सु. १५ वॉट वीज लागे. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ च्या वरच्या प्रतिमानांनी १०० वॉटची मर्यादा ओलांडली, तर २०२० नंतर खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकांतील काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली २५० वॉटपर्यंत वीज घेऊ लागले. आयबीएमने २००८ मध्ये आपल्या पॉवर ५७५ या संगणकात पाणी पुन्हा आणले.

घरगुती संगणकांत जलशीतन प्रथम हौशी लोकांनी आणले. प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जलद चालविण्यासाठी ते मोटारीतील हीटरची जाळी व मत्स्यालयाचा पंप वापरीत. ॲपल कंपनीने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ च्या एका प्रतिमानात द्रवशीतन दिले. त्यानंतर कारखान्यातच भरून बंद केलेले संच बाजारात आले व खेळांच्या संगणकांत ते सर्रास वापरले जाऊ लागले.

रचना व दोषनिदान : उष्णतेचा मार्ग पुढीलप्रमाणे असतो : प्रोसेसर, त्यावरील उष्णतावाहक लेप (थर्मल पेस्ट), तांब्याची पट्टी, पंपाने फिरविलेले पाणी, रेडिएटर, पंखे व शेवटी खोलीतील हवा. यांपैकी एका जागी अडथळा आला, तरी परिणाम प्रोसेसरच्याच तापमानात दिसतो. म्हणून दोष शोधताना तापमान किती आहे यापेक्षा ते कोणत्या दोन टप्प्यांच्या दरम्यान एकदम वाढते, हे पाहणे महत्त्वाचे असते.

२५० वॉट उष्णता व मिनिटास एक लिटर प्रवाह असल्यास पाणी एका फेरीत सु. ३·५° से. एवढेच तापते. त्यामुळे जाणाऱ्या व येणाऱ्या नळ्या हाताला जवळजवळ सारख्याच लागल्या पाहिजेत. एक नळी गरम व दुसरी थंड असेल, तर प्रवाह थांबला आहे किंवा मंदावला आहे असे समजावे. पंपाला वीज न मिळणे, पट्टीतील बारीक खाचांत गाळ साचणे किंवा पंपात हवा अडकणे ही त्याची कारणे होत. रबरी नळ्यांतून पाण्याचा अंश वर्षानुवर्षे झिरपून जातो व त्याची जागा हवा घेते. पंप संपूर्ण मंडलात सर्वांत उंच जागी असेल, तर ही हवा तेथेच गोळा होते. पाणी ३५° च्या आसपास असूनही प्रोसेसर १००° ला पोहोचत असेल, तर दोष प्रोसेसर व पट्टी यांच्यामध्ये असतो : लेप वाळलेला, स्क्रू असमान आवळलेले किंवा पट्टीवरील संरक्षक प्लॅस्टिक काढायचे राहिलेले. अशा वेळी भार पडताच काही सेकंदांत तापमान उसळी घेते. याउलट पाणीच ५५° ते ६०° पर्यंत तापत असेल, तर दोष रेडिएटरमधील धूळ, पंखे किंवा पेटीतील हवेची कोंडी यांत असतो. पाण्याची उष्णताधारकता मोठी असल्याने हा दोष भार पडल्यावर बऱ्याच मिनिटांनी उघड होतो व अल्पकाळच्या चाचणीत सुटून जातो. तांबे व ॲल्युमिनियम एकाच मंडलात वापरल्यास विद्युत् रासायनिक क्षरण होते. म्हणून दोन धातूंचे मिश्रण टाळतात व पाण्यात क्षरणरोधक द्रव्य मिसळतात.

खोलीतील हवेपेक्षा कमी तापमान रेडिएटर देऊ शकत नाही. त्यामुळे विदर्भातील मे महिन्यात निर्दोष संचातही पाणी ५०° च्या पुढे जाऊ शकते. यावर उपाय म्हणून यंत्राने थंड केलेले पाणी वापरल्यास उलट धोका संभवतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात हवा जवळजवळ संपृक्त असते. तेथे खोलीपेक्षा थोडे थंड पाणीही नळ्यांवर दव आणते व ते दव मंडलावर पडून संगणक बंद पडू शकतो.

महत्त्व : पेंटियम ४ पासून (२०००) इंटेलचे प्रोसेसर अतितप्त झाले की आपला वेग आपोआप कमी करतात. यामुळे घटक वाचतो, परंतु दोष झाकला जातो. खेळणाऱ्याला चित्र अडखळताना दिसते व तो दोष आज्ञावलीला देतो. महासंगणकात याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचतात. हवामानाच्या अंदाजाची गणना काळाच्या लहान लहान टप्प्यांनी पुढे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर प्रोसेसरांना परस्परांचे निष्कर्ष लागतात. त्यामुळे एक प्रोसेसर मंदावला, तर हजारो प्रोसेसर त्याची वाट पाहत राहतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे केंद्र पुणे हे आहे. तेथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ व २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. ‘प्रत्युष’च्या रचनेत कपाटांतून आडवी वाहणारी हवा मधल्या जलवाहिन्यांच्या जाळीत गार होते, ‘अर्क’मध्ये पाणी थेट घटकांवरील पट्टीपर्यंत नेलेले आहे. ‘अर्क’वर चालणारी भारत पूर्वानुमान प्रणाली २०२५ मध्ये सुरू झाली व अंदाजाच्या जाळ्याचा चौकोन सु. १२ किमी.वरून ६ किमी.वर आला.

या फरकाचा अर्थ भंडारदरा परिसरात स्पष्ट होतो. धरणामागील घाटघर येथे वर्षाला काही हजार मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेस सु. ३५ किमी.वरील अकोले येथे त्याचा लहानसा अंशच पडतो. १२ किमी.च्या जाळ्यात हे सारे अंतर जेमतेम तीन चौकोनांत संपते, ६ किमी.च्या जाळ्यात सहा चौकोन मिळतात. परंतु चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते व काळाचे टप्पेही लहान करावे लागतात. म्हणजे गणना सु. आठपट वाढते आणि तिच्याबरोबर उष्णताही वाढते. प्रवरेच्या खोऱ्यात पूर येण्यापूर्वी अंदाज हाती पडावयाचा, तर एवढी गणना ठराविक तासांत पुरी व्हावी लागते. अंदाज वेळेवर मिळणे हे ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत पाण्याचा अखंड प्रवाह ही एक होय.