बाजाराजवळ राहणारे जास्त चालतात, ते घरामुळे की सवयीमुळे?

बारामतीत घर घ्यायचं म्हटलं की साधारण दोन पर्याय असतात. एक, जुन्या गावाजवळ: मंडई, एसटी स्टँड, दवाखाने जवळ, पण जागा लहान आणि पार्किंगची अडचण. दुसरा, भिगवण रस्त्याला विद्यानगरी-एमआयडीसीच्या बाजूला: जागा मोकळी, पण गावातलं काम निघालं की गाडी काढायची.

बाजाराजवळ राहणारा पायी जास्त फिरतो. मग जवळ राहायला गेलं की गाडीची सवय सुटते, असं म्हणता येईल का?

गोची कुठे आहे?

ज्याला चालायला आवडतं किंवा ज्याच्याकडे गाडीच नाही, तो मुळात बाजाराजवळच घर शोधतो. चारचाकीवाला पार्किंग बघून लांब जातो. म्हणजे घराने सवय लावली असं नाही, सवयीने घर निवडलं असंही असू शकतं. वाहतुकीचे अभ्यासक याला 'निवासी स्वनिवड' म्हणतात.

मग खरं कसं कळणार?

ज्यांनी राहण्याची जागा स्वतः निवडली नाही, त्यांच्याकडे बघायचं. इंदापूर तालुक्यात अशी दोन उदाहरणं आहेत.

• वालचंदनगर: वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती ही उद्योगनगरी वसवली. कंपनीच्या वसाहतीतलं घर नोकरीमुळे मिळतं, चालण्याच्या आवडीमुळे नाही. तिथला कामगार पायी कामावर जात असेल, तर त्याचं श्रेय बरंचसं अंतराला.

• उजनी: भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी खूप ओसरलं की तिथलं पळसनाथाचं मंदिर आजही दिसतं. धरणग्रस्तांनी घर हौसेने बदललं नव्हतं. त्यामुळे शेत, शाळा, स्टँडचं अंतर बदलल्यावर त्यांच्या फेऱ्यांत पडलेला फरक मुख्यतः जागेचा.

संशोधन काय सांगतं?

काओ, मोख्तारियन आणि हँडी या अभ्यासकांनी २००९ मध्ये अशा ३८ अभ्यासांचा आढावा घेतला. आवडीनिवडीचा भाग वेगळा काढल्यावरही जागेचा परिणाम उरतो, असं जवळपास सगळ्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे दोन्ही खरं आहे: माणूस जागा निवडतो आणि जागाही माणसाला वळण लावते.

जागेची मर्यादा आपल्याकडेही दिसते. भिगवणला दौंड-सोलापूर मार्गावरचं स्टेशन आहे, बारामतीला दौंडहून येणारा फाटा आहे, इंदापूर शहरात मात्र रेल्वेच नाही. रेल्वेची कितीही आवड असली तरी इंदापूरकराला आधी एसटी किंवा स्वतःची गाडीच धरावी लागते.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

घर बहुतेकदा गाडी चालवणारा माणूस निवडतो, पण त्या घरातून प्रवास सगळेच करतात. त्याला लांबचा प्लॉट स्वस्त वाटतो. मात्र शाळेतली मुलगी, आजी किंवा गाडी न चालवणारी बायको प्रत्येक कामासाठी 'कोण सोडणार?' यावर अवलंबून राहते.

म्हणून बयाणा देण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या आठवड्याच्या फेऱ्या कागदावर लिहा: शाळा, क्लास, दवाखाना, बाजार. प्रत्येक फेरीसमोर अंतर, खर्च आणि सोडणाऱ्याचं नाव टाका. एकच नाव सारखं येत असेल, तर प्लॉटच्या किमतीत ते ओझंही धरा.