बँक ऑफ बॉम्बे कशी बुडाली?

मंडळी, एखादी बँक बुडाली की आपण विचारतो, पैसे खाल्ले कोणी? पण त्याआधीचा एक प्रश्न आहे: राखणीला कोण होते, आणि ते काय करीत होते? मुंबईच्या जुन्या बँक ऑफ बॉम्बेची हकिकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

ही बँक १८४० साली निघाली. तिच्या भागीदारांत खुद्द सरकार होते. नऊ डायरेक्टरांपैकी तीन सरकार नेमीत असे. कर्ज कशाच्या तारणावर द्यावे, याचे नियम कडक होते. म्हणून लोकांचा भरवसा बसला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस विलायतेस जाईना. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. अशातच १८६३ साली नवा कायदा होऊन बँकेची जुनी बंधने सैल झाली. कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. शेअर म्हणजे काय? भाव आहे तोवर सोने, भाव पडला की रद्दी!

कर्जे देण्याचा अधिकार बहुतांशी सेक्रेटरी ब्लेअर यांच्या हाती गेला. त्या काळचे सट्टेबाजारातले बडे धनी प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत चालू लागला. डायरेक्टर मात्र बारकाईने पाहीनात. सरकारी डायरेक्टरही गप्पच. जो तो समजे, दुसरा पाहत असेल.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. तारणाचे कागद बँकेच्या पेटीत पडून राहिले. १८६८ साली बँक गुंडाळावी लागली. भागीदारांचे जवळजवळ सारे भांडवल गेले.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. काळ विलक्षण होता, हे कमिशनने मान्य केले. सैल कायद्यावर आणि सेक्रेटऱ्यांच्या गैरकारभारावर ठपका ठेवला; पण डायरेक्टरांच्या हयगयीलाही सोडले नाही, आणि सरकारी डायरेक्टरांनाही नाही. पुढे १८७६ च्या कायद्याने बंधने पुन्हा घातली गेली आणि सरकारने या भागीदारीतून अंग काढून घेतले.

१८६८ सालीच त्याच नावाची नवी बँक उभी राहिली होती. १९२१ साली ती इंपीरियल बँकेत मिळाली, आणि १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. संचालकाची खुर्ची ही मानाची गादी नव्हे, शेताच्या बांधावरचा माळा आहे. माळ्यावरचा राखणदार झोपला, तर पाखरांना बोल लावून काय उपयोग? तेव्हा आपल्या सोसायटीच्या, पतपेढीच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा जरूर विचारा: मोठी कर्जे कोणाला दिली? तारण काय घेतले? आणि कागद संचालकांनी स्वतः पाहिले का?