यात्रा वन: लोकलच्या पाट्यांवरून आलेला मराठी ब्रश फॉन्ट

दहीहंडीचा बॅनर असो की क्रिकेट टुर्नामेंटची पोस्ट, जाड ब्रशने झपकन लिहिल्यासारखी अक्षरं सगळ्यांनाच आवडतात. पण बऱ्याच ब्रश फॉन्टमध्ये इंग्रजी नाव भारी दिसतं आणि मराठी टाईप केलं की अक्षरं साधीच राहतात. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं बनवलेलीच नसतात, म्हणून फोन तिथे आपला नेहमीचा फॉन्ट दाखवतो. यावर उपाय म्हणजे देवनागरीसाठी मुद्दाम काढलेला फॉन्ट. यात्रा वन हा त्यातलाच एक.

हा फॉन्ट आला कुठून?

कॅथरीन ली श्मिट यांनी तो डिझाइन केला. प्रेरणा होती मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची. हीच लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावते, म्हणजे कुंभवलीकरांच्या बोईसर स्टेशनावरूनही जाते. पेंटर चपटा ब्रश तिरका धरतो, त्यामुळे एकाच अक्षरात काही रेघा जाड आणि काही बारीक येतात. यात्रा वनच्या इंग्रजी अक्षरांतही देवनागरीच्या ब्रशचा हा कोन ठेवलाय.

कुठे वापरायचा?

फक्त मोठ्या अक्षरांसाठी, म्हणजे नाव, मथळा किंवा बोर्ड. २४ पिक्सेलपेक्षा लहान मजकुराला नको. याचं एकच वजन आहे, त्यामुळे अ‍ॅपमधलं बोल्डचं बटण दाबू नका, अक्षरं फुगून बिघडतात. पेनाने लिहिल्यासारखं मोकळं अक्षर हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम फॉन्ट घ्या. त्यात लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं मिळतात. श्रीखंड हे नाव बघून फसू नका, तो फॉन्ट गुजराती आणि इंग्रजीसाठी आहे.

फोनमध्ये कसा घ्यायचा?

१. गूगल फॉन्ट्सवर नाव शोधून फाइल डाउनलोड करा.
२. झिप उघडून आतली टीटीएफ फाइल बाहेर काढा.
३. बाहेरचा फॉन्ट जोडता येतो अशा एडिटिंग अ‍ॅपमध्ये ती टाका.

हे दोन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत आहेत. दुकानाच्या बोर्डासाठी किंवा पैसे घेऊन केलेल्या कामासाठीही चालतात. नुसती फॉन्टची फाइल मात्र विकता येत नाही.

छापण्याआधी तपासा

फ्लेक्स एकदा छापला की चूक दुरुस्त होत नाही. म्हणून आधी स्वतःच्या गावाचं नाव टाईप करून बघा. ‘कुंभवली’मध्ये उकार, अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी, तिन्ही एकदम तपासून होतात. मग ‘शुभेच्छा’, ‘किनारा’ आणि ‘सुऱ्या’ लिहा. ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे गेली किंवा जोडाक्षर तुटलं, तर आधी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये करून बघा, कारण अनेकदा दोष फॉन्टचा नसून अ‍ॅपचा असतो. शेवटी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही पाहून घ्या.