जुन्या मोटारीस नवा पत्रा

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजली म्हणजे लोहार नवी धाव तापवून लाल करी, ती फुगलेली असतांच लाकडी पुठ्ठ्यांवर चढवी आणि वरून पाणी ओती. निवतांना ती आवळून बसे. कालांतरानें आरे बदलत, आंस बदले, साटीहि नवी होई. तरी गाडी तीच राही. नवी गाडी घेतली असें कोणी म्हणत नसे. हिरडस मावळांतील भोर आणि कानद खोऱ्यांतील वेल्हें या बाजूस मोटार आली, तेव्हां तिच्याविषयींहि हाच प्रश्न उभा राहिला. मात्र त्याचें उत्तर इतकें सोपें राहिलें नाहीं.

प्रारंभींची मोटार म्हणजे वस्तुतः दोन वस्तू होत्या. खालीं लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, तिच्यावर यंत्र व चाकें. आणि वर बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांनीं उभारलेलें लाकडी अंग. विलायतेंत त्यासाठीं ॲश वृक्षाचें लाकूड वापरीत, आपल्याकडे सागवान. या लाकडावर पातळ पत्रा ठोकीत. एखादें मडगार्ड सडलें तर बोल्ट काढून दुसरें लावावें. बाकीच्या गाडीस त्याची वार्ताहि नसे. पुढें १९१४ सालीं अमेरिकेंत डॉज बंधूंची मोटार निघाली. तिचें अंग एडवर्ड बड यांच्या कारखान्यानें सर्वस्वीं पोलादाचें केलें होतें. तेथून लाकूड मागें पडूं लागलें. नंतर तर चासीहि गेली आणि पत्र्यास पत्रा जोडून सांगाडा व अंग एकजीव झालें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली आणि पुढें ‘पद्मिनी’ म्हणून घरोघरीं ओळखली गेलेली फियाट अशीच एकजीव अंगाची. २०१४ पर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडरहि तशीच.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि त्याच वर्षीं १ जून रोजीं एस्. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास निघाली. आरंभींच्या ताफ्यांत तीस बेडफर्ड गाड्या होत्या. अंग लाकडी, बैठकी काथ्याच्या. तेव्हांपासून आजतागायत एस्. टी. नें चासी आणि अंग यांचा भेद सोडलेला नाहीं. २०१८ च्या सुमारास ॲल्युमिनियमचें अंग उतरवून जुन्याच चासीवर पोलादी अंग चढविण्याचें काम दापोडी व इतर कार्यशाळांनीं हातीं घेतलें. प्रवाशाला गाडी कोरी करकरीत वाटते. चासी मात्र घाटांत मुरलेली असते.

या मुलुखांतील पाऊस मोठा कठोर. भोरहून महाडास उतरणारा वरंध घाट असो कीं तोरण्याच्या पायथ्याचा रस्ता असो, चार महिने पाणी आणि तांबडा चिखल यांतून गाडीची सुटका नाहीं. पाऊस वरून पडतो, पण पत्रा सडतो तो आंतून आणि खालून. मडगार्डच्या आंतल्या कडेस चिखल साचतो व ओल धरून ठेवतो. दाराच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें असतात. तीं बुजलीं कीं दार म्हणजे पाण्याची टांकीच. दाराखालचा उंबरठा पोकळ असतो, त्याच्या पोटांत गंज वर्षानुवर्षें काम करीत असतो आणि बाहेरचा रंग तजेलदार दिसतो. एके दिवशीं रंगाला फोड येतो. बोटानें दाबावें तर बोट आंत जातें.

अशा वेळीं भोकावर लांबी भरून वर रंग मारणें ही युक्ति जुनी आहे. ती विकणाऱ्याच्या सोयीची, गाडीच्या हिताची नव्हे. साधा लोहचुंबक फिरविला तरी ती उघडी पडते. लांबीवर चुंबक चिकटत नाहीं. खरें काम पत्रा कापण्यापासून सुरू होतें. गंज जेथें दिसतो तेथें न थांबतां स्वच्छ, चकचकीत धातु लागेपर्यंत कापीत जावें लागतें. थोडाहि गंज मागें राहिला तर दोन पावसाळ्यांत तो नव्या जोडाखालून डोकें काढतो. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याच जाडीचा पत्रा घ्यावयाचा. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनें त्याला बांक द्यावयाचा, आणि मागें लोखंडी डॉली धरून पुढून हलक्या हातोडीनें सपाटी आणावयाची. वेल्डिंग सलग केल्यास उष्णतेनें पत्रा लाटेसारखा वेडावांकडा होतो. म्हणून येथें एक ठिपका, तेथें एक ठिपका, मध्यें निवूं द्यावें, पुन्हां ठिपका, असा धिमा क्रम ठेवावा लागतो. घाईला या धंद्यांत जागा नाहीं.

एकजीव अंगाच्या गाडींत याहून मोठें भय असतें. तेथें उंबरठा ही शोभा नसून कणा आहे. आधार न देतां तो कापला तर गाडी मध्येंच लचकते, दाराची चौकट तिरपी होते, आणि नवा उंबरठा बसविल्यावर दार लागेनासें होतें. म्हणून जाणता कारागीर आधीं खालून टेंकू देतो, दाराच्या चौकटींत आडवी सळई जोडतो आणि मगच कापतो. वेल्डिंगपूर्वीं दार पुनःपुन्हां लावून पाहतो.

हें सर्व निर्दोष झालें तरी गाडी जुनी राहिली काय? केंद्र सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील खासगी मोटारींसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत असावी. चासी, अंगाचा सांगाडा अगर यंत्र यांत फेरफार करणारी भारी दुरुस्ती झालेली नसावी, असें त्यांत म्हटलें आहे. हेतु योग्यच आहे. परंतु मावळच्या पावसांत पन्नास वर्षें काढलेल्या गाडीचा उंबरठा बदलणें हा फेरफार मानावयाचा कीं जीवदान? जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेनें २०१२ सालीं ट्यूरिन येथें संमत केलेली सनद अधिक व्यवहारी वाटते. मूळ धातु जितका वांचेल तितका वांचवावा, आणि नवा तुकडा बसवावा लागलाच तर त्यावर टिकाऊ खूण करावी, असा तिचा रोख आहे. राजगडाच्या तटांत नवा चिरा बसवितांना तो जुन्यांत मिसळावा, तरी जाणत्याला ओळखूं यावा, ही अपेक्षा असते. ती याहून निराळी नाहीं. मडगार्ड सहज मिळतें म्हणून सबंध जुनें मडगार्ड भंगारांत टाकणारे हौशी मालक या दृष्टीनें गाडीचें नुकसानच करतात.

एस्. टी. स हा पेंच पडत नाहीं, कारण ओळखीचा क्रमांक चासीवर असतो; वरचें अंग कितीदांहि बदला. एकजीव गाडीचा क्रमांक मात्र अंगाच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. तो तुकडा कापला गेला तर कागदोपत्रीं गाडीच नाहींशी होते. म्हणून अनुभवी माणूस कापण्याचें हत्यार उचलण्यापूर्वीं चिखल व जुना रंग खरवडून आधीं तो आंकडा शोधतो, आणि त्याच्या भोंवतीं खडूनें चौकट आंखून ठेवतो.