टेम्पो ते वीजटेम्पो : एका विचित्र गाडीचा वाद

'टेम्पो' हा शब्द मराठीत कोठून आला, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'इंग्रजीतून' असे उत्तर देतील. वस्तुतः ते हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे व्यापारी नाव. त्या कारखान्याची 'हान्सेआट' नावाची तीनचाकी मालगाडी बजाज टेम्पो कंपनीने १९५८ च्या सुमारास भारतात बनवायला घेतली, आणि हळूहळू आपल्याकडे प्रत्येक लहान मालगाडी 'टेम्पो' झाली. मालवणच्या बंदरावर मासळी न्यायला येणारी चारचाकी गाडीही 'टेम्पो'च, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

मूळ गाडी दिसायला फार विचित्र होती. पुढे एकच चाक आणि त्यावर इंजिनाचे लांब नाक. लोकांनी तिला सरळ 'डुक्कर' म्हटले. पण या कुरूप रचनेमागे हिशेब होता. इंजिन पुढच्या चाकावरच बसवून तेच चाक फिरवले, की मागच्या आसापर्यंत दांडा न्यावा लागत नाही. गाडी हलकी व स्वस्त होते, मागचा हौदा सखल व मोकळा राहतो. तोटाही याच रचनेत होता. भरलेली गाडी चढाला लागली की भार मागे सरकतो, पुढच्या चाकावरचा दाब कमी होतो आणि नेमके ओढणारे चाकच घसरू लागते. पावसाळ्यात जांभ्याच्या तांबड्या चिखलात हा तोटा किती जाणवेल, ते कोकणातल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

२००५ साली टाटा मोटर्सने 'एस' ही लहान चारचाकी बाजारात आणली. दोन सिलिंडरचे ७०२ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन, ताकद अवघी १६ अश्वशक्ती, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. एवढ्याशा इंजिनाची गाडी तीनचाकीहून महाग, मग ती घेणार कोण, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता. गाडीची आखणी करणाऱ्या गिरीश वाघ यांच्या चमूने आधी तीनचाकी चालवणाऱ्यांनाच जाऊन विचारले होते. चारचाकी असेल तर लग्न जमायला सोपे जाईल, असे एका तरुण चालकाने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. अभियांत्रिकीच्या पुस्तकात न सापडणारी ही माहिती आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत उपयोगाची ठरली. लोकांनी त्या गाडीला 'छोटा हाथी' म्हटले. डुकराचा हत्ती झाला, हा बदल लहान नव्हे.

आता याच वर्गातली गाडी विजेवर आली आहे आणि जुना वाद नव्याने सुरू झाला आहे. विजेची मालगाडी मात्र नवी नाही. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या त्याहून कमी. पुढे १९१२ साली मोटारीला विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास गेला आणि पेट्रोल गाडीने बाजी मारली. इंग्लंडात मात्र घरोघर दूध पोचवणारे विजेचे गाडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही हजारोंनी धावत होते. रोजचा ठरलेला फेरा, दर चार घरांवर थांबा, रात्री मुक्काम एकाच ठिकाणी, अशा कामाला विजेची गाडी उत्तम.

महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी नव्वदच्या दशकात सायकलरिक्षाला पर्याय म्हणून 'इलेक्शा' ही बॅटरीवर चालणारी तीनचाकी तयार केली. १९९९ साली महिंद्र कंपनीने 'बिजली' आणली. दोन्ही शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या काळातल्या गाड्या, आणि अडचण तेथेच होती. शिसे-आम्ल बॅटरीत दर किलोला सुमारे ३५ वॅट-तास ऊर्जा साठते. २०२२ साली सादर झालेल्या विजेच्या 'एस'मध्ये २१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. एवढी ऊर्जा शिशाच्या बॅटरीत भरायची तर तिचे वजन सुमारे ६०० किलो होईल. ही गाडी माल वाहते तोही ६०० किलोच! म्हणजे गाडीने स्वतःची बॅटरीच वाहून न्यावी, मासळीला जागा उरू नये. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत तेच काम साधारण २०० किलोंत होते. एकशेवीस वर्षे अडलेला गाडा मुख्यतः या फरकाने पुढे सरकला.

मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वेची कुडाळ, कणकवली ही स्थानके आत आहेत आणि कोल्हापूर-बेळगावकडे जाणारी मासळी घाट चढूनच जाते. म्हणून येथे पहिला प्रश्न येतो तो 'घाट चढेल काय?' हा. नववीच्या मुलांना हे गणित घालण्यासारखे आहे. मालासह गाडीचे वजन १,८०० किलो आणि आंबोली घाटाचा चढ ६०० मीटर धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार केला की सुमारे १०६ लाख जूल, म्हणजे २.९ किलोवॅट-तास येतात. यंत्रातील नुकसान धरून पावणेचार म्हणू. बॅटरीच्या साठ्यातील हा जवळजवळ सहावा हिस्सा उंची गाठण्यातच गेला. पण उतरताना मोटर जनित्र बनते व त्यातला काही भाग परत देते. गाडी वर मासळी नेऊन येताना भाजीपाला भरून उतरत असेल तर ही परतफेड वाढते. स्वित्झर्लंडमधील चुनखडीच्या एका खाणीत भरून उतरणारा आणि रिकामा चढणारा विजेचा अजस्र डंपर याच तत्त्वावर चालतो.

दुसरा प्रश्न खाऱ्या हवेचा. रूपावरून जगभर गाजलेली टेस्लाची 'सायबरट्रक' येथे आठवते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती दाखवली तेव्हा किमान किंमत ३९,९०० डॉलर सांगितली होती. २०२३ अखेर गाड्या ग्राहकांना मिळू लागल्या तेव्हा ती ६०,९९० वर गेली. तिचे अंग रंग न दिलेल्या गंजरोधक पोलादाचे. हे कठीण पत्रे साच्यात दाबून वळवणे अवघड, म्हणून ती अशी कोनाकोनांची दिसते. गंजरोधक पोलादाला क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा राखतो; मिठातले क्लोराइड आयन तोच पापुद्रा जागोजागी फोडतात. मासळीच्या पेट्यांतून बर्फाचे खारे पाणी रोज ठिबकणाऱ्या गाडीला असले उघडे अंग देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये या गाडीची चिकटवलेली एक पट्टी सुटते म्हणून सुमारे ४६ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडच्या हौद्याला दरवर्षी रंगाचा हात मारता येतो, हा साधा गुण कमी लेखू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. जून २०२५ मध्ये आलेल्या 'एस प्रो'ची पेट्रोल गाडी ३.९९ लाखांना, विजेची ६.५० लाखांना जाहीर झाली. फरक अडीच लाखांचा. पेट्रोलचा खर्च दर किलोमीटरला ७ रुपये आणि विजेचा दीड रुपया धरला तर वाचतात साडेपाच रुपये. फरक भरून यायला सुमारे ४६ हजार किलोमीटर धावावे लागेल. रोज ६० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालली तर अडीच वर्षे. पण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि त्याच्या मागेपुढेही वादळवाऱ्याचे दिवस जातात. २०० दिवस धरले की हिशेब पावणेचार वर्षांवर जातो, आणि कर्जाचा हप्ता बंदीच्या दोन महिन्यांतही थांबत नाही. ज्याला या दोन महिन्यांत काजूगराचे, खताचे किंवा शाळेच्या पुस्तकांचे भाडे मिळते त्याचा हिशेब वेगळा, आणि जो केवळ बांगड्यावर जगतो त्याचा वेगळा. गाडी घेण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या फेऱ्यांची वही काढून त्यातले किलोमीटर मांडायला हवेत, आणि हे काम घरातला दहावीचा मुलगा किंवा मुलगी सहज करू शकेल.