चितमपल्ली, मारुती भुजंगराव

(५ नोव्हेंबर १९३२ – १८ जून २०२५). महाराष्ट्राच्या वनखात्यातील वरिष्ठ अधिकारी, पक्षितज्ज्ञ, कोशकार आणि ललित लेखक. जन्म व मृत्यू सोलापूर येथे. वाचकांना ते ‘अरण्यऋषी’ म्हणून ठाऊक आहेत. या उपाधीमागे त्यांची नोकरी मात्र झाकली गेली. त्यांचे बहुतेक लेखन हे बदलीच्या गावी, सरकारी विश्रामगृहात आणि गस्तीच्या वाटांवर जमवलेल्या माहितीतून उभे राहिले आहे. म्हणून लेखकाआधी वनाधिकारी समजून घेणे रास्त ठरते.

शिक्षण सोलापुरातच दयानंद महाविद्यालयापर्यंत झाले. रानाची गोडी आईमुळे आणि मामांमुळे लहानपणीच लागली होती. पुढे कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात १९५८ ते १९६० या काळात प्रशिक्षण घेऊन ते वनखात्यात रुजू झाले. सुरुवातीच्या नेमणुकांपैकी कर्नाळ्याची विशेष उल्लेखनीय आहे, कारण तेथील पक्षी अभयारण्याच्या विकासात त्यांचा वाटा होता. १९९० मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या उपसंचालकपदावरून ते निवृत्त झाले.

या दोन टोकांच्या मध्ये येतो तो नवेगावबांध–नागझिऱ्याचा काळ, आणि सगळ्या कारकिर्दीत तोच सर्वांत भरीव. हा परिसर मुख्यतः आजच्या गोंदिया जिल्ह्यात येतो. तो जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून निघतो. कोहमाऱ्याच्या महामार्गाच्या उत्तरेला नागझिरा आणि तो ओलांडून दक्षिणेला नवेगाव, अशी ही दोन राने. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, तर नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. शिकारीचे जंगल संरक्षित करण्याचा हा काळ होता आणि चितमपल्ली त्या कामात होते. कागदावर सीमा आखून असे काम संपत नाही. मोह वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, धानाच्या बांध्यांत रानडुकरांशी झुंजणारे लोक त्या सीमेच्या आतबाहेर राहतात, आणि अधिकाऱ्याचे पटते की नाही हे अखेर तेच ठरवतात.

चितमपल्लींनी या माणसांकडे माहितीचे भांडार म्हणून पाहिले, हे त्यांचे वेगळेपण. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे एके काळचे शिकारी. जंगलाविषयीचे कितीतरी ज्ञान चितमपल्लींनी त्यांच्याकडून घेतले आणि लेखनातून त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्यही केले. गोंड, कोहळी आणि ढिवर या समाजांतील लोकांकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे मिळाली. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगतात. सात बहिणींच्या टेकड्यांमध्ये पाणी अडवणाऱ्या त्या पूर्वजांची परंपरा इथे जिवंत होती. साहेब आणि गावकरी यांच्यात एरवी असते ते अंतर या देवाणघेवाणीत बरेच कमी झाले असावे. नाहीतर इतके बारकावे कोणी सांगितले नसते.

लेखन उशिरा प्रसिद्ध झाले. ‘पक्षी जाय दिगंतरा’ (१९८३) आणि ‘जंगलाचं देणं’ (१९८५) ही पुस्तके सेवेत असताना आली. ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘शब्दांचं धन’ ही निवृत्तीनंतर. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक तर थेट या परिसराचे. ‘पक्षिकोश’ (२००२) हे सर्वांत टिकाऊ काम ठरेल असे वाटते, कारण त्यात शास्त्रीय नावांशेजारी बोलीतली नावे नोंदली गेली. संस्कृतचा अभ्यास असल्याने हंसदेवाचे ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी सहकार्याने मराठीत आणले. ‘चकवा चांदण : एक वनोपनिषद’ हे आत्मचरित्र. त्यात अद्भुताची ओढ जागोजागी दिसते. रानातल्या समजुती व प्रत्यक्ष निरीक्षण यांची सीमा ते नेहमी स्पष्ट ठेवत नाहीत, त्यामुळे अभ्यासकाने ते सावधपणे वाचावे. गद्य म्हणून ते मोहक आहे, यात शंका नाही.

सोलापूरला जानेवारी २००६ मध्ये झालेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री हे त्यांचे प्रमुख सन्मान. निवृत्तीनंतर बराच काळ नागपूरला राहून अखेरची वर्षे ते सोलापूरला होते. ज्या रानांत त्यांनी काम केले, ती नवेगाव व नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. महाराष्ट्र शासन २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते. त्याचा पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या.